फुलांच्या गुच्छाभोवती कापड आखडते तेव्हा: हाताच्या भरतकामातील चुण्यांचे निवारण

रिंगमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या दोन गोल कड्यांमध्ये, असेपर्यंत भरलेला गुच्छ सुरेख दिसतो आणि रिंग काढल्यावर थोड्याच वेळात त्याच्याभोवतीचे कापड आखडू लागते. ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या घरी भरतकाम शिकायला येणाऱ्या महिला ही तक्रार जितक्या वेळा घेऊन येतात, तितक्या वेळा दुसरी कोणतीही तक्रार येत नाही. केसमेंटवर भरलेली उशीची खोळ असो, टू बाय टूच्या ब्लाउजची पाठ असो किंवा भिंतीवर चौकटीत लावायचा तुकडा असो, गुच्छ म्हटला की गुलाब, शेवंती, अबोली, मोगऱ्याच्या कळ्या, पाने, देठ आणि देठांना बांधलेली फीत एवढे सगळे वीतभर जागेत येते. त्यातील प्रत्येकासाठी वेगळा टाका आणि पुष्कळदा वेगळ्या जाडीचा दोरा वापरला जातो, आणि प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो. त्यामुळे सुट्या फुलापेक्षा गुच्छात हा दोष अधिक उठून दिसतो. तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. मात्र इस्त्री हातात घेण्यापूर्वी चुण्या नेमक्या कोठे आहेत आणि कोणत्या आकाराच्या आहेत हे पाहिले पाहिजे, कारण जागा नीट पाहिली की कारण निम्मे सापडते.

लक्षणे

काम सपाट टेबलावर ठेवावे आणि खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका पडेल असे बसावे. वरून पडणाऱ्या दिव्याच्या उजेडात बारीक चुण्या दिसत नाहीत.

फुलाच्या कडेपासून बाहेर, सूर्याच्या किरणांसारख्या चुण्या गेलेल्या असतील तर टाके घट्ट ओढले गेले आहेत किंवा भरताना कापड रिंगमध्ये सैल होते. याच्या उलट, भोवतालचे कापड सपाट आहे पण भरलेला भाग पुरीसारखा वर फुगला आहे, असे दिसले तर दोष हाताचा नसतो; कापड रिंगमध्ये प्रमाणाबाहेर ताणले गेले होते, किंवा भरल्यानंतर धुतल्यावर कोरे कापड आटले आणि भरलेला भाग आटला नाही. ही दोन लक्षणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि त्यांचे उपायही विरुद्ध आहेत, म्हणून येथे घाई करू नये.

देठाच्या रेषेला लागून दोन्ही बाजूंना बारीक आडव्या चुण्या असतील तर देठाचा टाका घट्ट आहे. दोन फुलांच्या मधल्या रिकाम्या जागेत एकच सरळ घडी दिसत असेल आणि सुलट बाजूला तेथे काहीही भरलेले नसेल, तर कारण उलट बाजूला आहे. संपूर्ण कापडावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या लाटा असतील तर कापडाचे उभे-आडवे धागे रिंगमध्ये तिरके बसले होते. आणि पहिल्या धुण्यापर्यंत सर्व काही ठीक होते, त्यानंतरच बिघडले, असे असेल तर कापड, अस्तर किंवा दोरा यांपैकी काहीतरी आटले आहे.

एका कामात दोन-तीन लक्षणे एकत्र असू शकतात. नेरूळहून ट्रान्स हार्बर लोकलने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या गुच्छात फुले अगदी सपाट होती आणि देठ मात्र सगळे आखडलेले होते. बराच वेळ विचारपूस केल्यावर उलगडा झाला, की फुले तिने घरी रिंग लावून भरली होती आणि देठ गाडीत बसून, रिंगशिवाय, हातात कापड धरून घातले होते. काम एकाच हाताचे होते, दोराही एकच होता. फरक फक्त ताणाचा होता.

रात्रभर थांबावे

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे काहीही न करणे. रिंग काढलेले कापड स्वच्छ पांढऱ्या चादरीवर सपाट पसरून रात्रभर तसेच ठेवावे. रिंगमध्ये ताणलेले सुती धागे आपल्या मूळ जागी यायला वेळ घेतात, आणि रिंगच्या कडेची गोल खूण ही चुणी नव्हे. ती थोड्या ओलाव्याने जाते. सकाळी कापड एकदा उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि एकदा आडव्या धाग्यांच्या दिशेने दोन्ही हातांनी हलकेच ओढावे. तिरके ओढू नये, कारण उरेब दिशेला कापड सहज लांबते आणि परत येत नाही. या ओढण्याने चुणी पूर्ण नाहीशी झाली तर प्रश्न संपला. ओढल्यावर जाते पण सोडल्यावर परत येते, असे असेल तर दोरा कापडाला धरून बसला आहे आणि पुढे जावे लागेल.

सुलट बाजूने गरम इस्त्री फिरवण्याचा मोह या टप्प्यावर सर्वांना होतो. तो टाळावा. गाठी टाके आणि बुलियनचे, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन केलेले, गुलाब त्याने चपटे होतात, आणि चुणी घडीसारखी पक्की बसली की पुढे ती काढणे अवघड जाते.

उलट बाजू पाहावी

यालाही खर्च नाही. काम उलटे करून उजेडासमोर धरावे. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा न तोडता पाठीमागून नेलेला दिसतो का, हे पाहावे. गुच्छात एकाच रंगाची अबोली तीन ठिकाणी असते आणि लडी वाचवण्यासाठी आपण दोरा पुढे ओढून नेतो. हा पाठीमागचा दोरा कोठेही कापडाला टाचलेला नसतो, तो फक्त दोन टोकांना धरलेला असतो. त्यामुळे तो किंचितही आखूड राहिला तर मधले सगळे कापड जवळ ओढतो. माझा नियम असा आहे की अर्ध्या इंचापेक्षा लांब उडी घ्यायची नाही. दोरा तेथेच संपवायचा आणि पुढच्या फुलाला नव्याने सुरू करायचा.

उडी सापडली तर ती कापता येते, पण आधी दोन्ही टोके सुरक्षित करावी लागतात. दोरा मधोमध कापावा, प्रत्येक टोक बारीक सुईत ओवून जवळच्या टाक्यांच्या खालून, कापडाला न टोचता, तीन-चार टाके पुढे आणि मग उलट दिशेने परत न्यावे व जास्तीचा भाग कापावा. टोक फार आखूड असेल तर सुई आधी टाक्यांखालून घालावी आणि मग तिच्या नेढ्यात टोक ओवावे. मी पाहिलेल्या कित्येक गुच्छांतील मधली घडी एवढ्यानेच गेली आहे.

उलट बाजूला मोठ्या गाठीही शोधाव्यात. गाठ स्वतः चुणी पाडत नाही, पण इस्त्री करताना ती सुलट बाजूला उमटते आणि चुणीसारखी दिसते.

रिंग आणि कापडाचा ताण

पुढच्या कामासाठी ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला लागते ती फक्त अर्धा इंच रुंद सुती फीत. लाकडी रिंगचे आतले कडे या फितीने तिरके, एकावर एक किंचित चढवत, पूर्ण गुंडाळावे आणि टोक टाक्यांनी शिवून टाकावे. गुळगुळीत लाकडावरून कापड हळूहळू आत सरकते. आपल्याला वाटते की ताण कायम आहे, पण तासाभरात मध्ये झोळ आलेला असतो. फितीमुळे कापड पकडून राहते आणि रिंगची खूणही कमी उमटते.

कापड बसवताना उभे धागे आणि आडवे धागे काटकोनात आहेत ना, हे रिंगच्या कडेवरून पाहावे. स्क्रू अर्धवट आवळून आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे कापड सारखे ओढावे आणि शेवटी स्क्रू पक्का करावा. कोपऱ्यातून तिरके ओढले की त्या क्षणी कापड छान ताठ दिसते. रिंग काढल्यावर मात्र तेच धागे परत फिरतात आणि गुच्छ लाटांवर बसल्यासारखा दिसतो. ताण किती असावा, तर बोटाने टिचकी मारल्यावर कापड हलू नये, पण धाग्यांच्या मधल्या फटी रुंद झालेल्या दिसू नयेत. मलमल किंवा विरळ विणीच्या लिननला हा फरक लगेच कळतो. त्यावर ताण थोडा कमीच ठेवावा, नाहीतर फुगवट्याचे लक्षण येते.

दर अर्ध्या तासाने ताण पुन्हा तपासावा आणि रात्री रिंग काढून ठेवावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की रिंगमध्ये आठवडाभर राहिलेले कापड ओलाव्याने सैल होते, हाताचा मळ कडेला धरतो आणि स्क्रूचा गंज लागला तर तो डाग निघत नाही.

सुई, पदर आणि दोऱ्याची लांबी

भरतकामाच्या सुईचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. सहा पदरी सुती दोऱ्याचे दोन पदर घेतले तर साधारण ८ किंवा ९ क्रमांकाची सुई, तीन पदरांना ६ किंवा ७, आणि सहाही पदर एकत्र घेतले तर ३ किंवा ४ क्रमांकाची सुई लागते. सुई दोऱ्यापेक्षा बारीक असेल तर तिने केलेल्या छिद्रातून दोरा घासत जातो, तो ओढून काढावा लागतो, आणि दोऱ्याबरोबर कापडही ओढले जाते. प्रत्येक टाक्याला येणारा हा थोडासा ओढा शंभर टाक्यांनंतर चुणी होऊन दिसतो. टाका ओढताना सुईच्या जागी टक असा आवाज येत असेल किंवा चिमटीत जोर लावावा लागत असेल, तर आधी सुई बदलून पाहावी.

दोऱ्याची लांबी एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुमारे १८ इंच, याहून जास्त घेऊ नये. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून जास्त वेळा घासला जातो, त्याला पीळ चढतो आणि पिळलेला दोरा आखूड होतो. अधूनमधून सुई सोडून काम उलटे धरावे. लोंबणारी सुई आपोआप फिरून पीळ उतरतो. लडीतून दोरा काढल्यावर सहा पदर एकदम न वापरता एकेक पदर वेगळा ओढून काढावा आणि हवे तेवढे पदर पुन्हा जुळवून घ्यावेत. असे जुळवलेले पदर एकमेकांच्या शेजारी सपाट बसतात, जागा चांगली भरतात, आणि त्यामुळे टाका घट्ट करण्याची गरज भासत नाही.

गुच्छात सुती दोऱ्याबरोबर रेयॉनचा चमकदार दोरा किंवा लोकर वापरली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेयॉन घसरतो, म्हणून तो जागेवर राहावा यासाठी आपण नकळत जास्त ओढतो. त्याचे तुकडे आणखी आखूड, फूटभराचे घ्यावेत. लोकर गरम पाण्यात आटते, त्यामुळे लोकरीची फुले असलेले काम थंड पाण्याशिवाय धुऊ नये.

हात

दमट हवेत घामेजल्या बोटांना दोरा चिकटतो आणि नकळत ओढला जातो. पंख्याखाली बसावे, शेजारी कोरडा रुमाल ठेवावा आणि हात वारंवार पुसावेत. टाका घालण्याची पद्धतही पाहावी. रिंगमध्ये सुई एकदा खाली घालून पूर्ण ओढणे आणि मग खालून वर आणणे, अशा दोन हालचालींत टाका घातला तर कापड सपाट राहते. एकाच हालचालीत सुईने कापड उचलून टाका घेतला तर कापडाला प्रत्येक वेळी लहानशी घडी पडते, आणि रिंग घट्ट असेल तर ती घडी पडण्यासाठी कापड जबरदस्तीने ओढावे लागते. साखळी टाका किंवा काज टाका उचलून घालायची सवय असलेल्यांनी रिंग थोडी सैल ठेवावी किंवा ही सवय बदलावी. मी बदलण्याच्या बाजूची आहे. दोरा कापडाला टेकला की थांबावे. त्यापुढचा प्रत्येक ओढा कापडाचा असतो.

कोणत्या टाक्याने कापड कसे ओढले जाते

येथे मी सविस्तर लिहिते, कारण वेगवेगळ्या टाक्यांच्या गुच्छातील खरा प्रश्न हाच आहे.

कळ्या आणि फितीची गाठ सॅटिन टाक्याने भरतात. हे सगळे टाके समांतर असतात, म्हणून सगळे एकाच दिशेने ओढतात आणि आकाराच्या दोन्ही कडा एकमेकींकडे येतात. यावर उपाय म्हणजे आधी आकाराच्या रेषेवर उलटी टीप घालावी आणि सॅटिनचा टाका तिच्या बाहेरून घ्यावा. ओढा मग कडेच्या टिपेवर वाटला जातो. टाक्याची लांबी एक सेंटीमीटरच्या आत ठेवावी. त्याहून रुंद पाकळी असेल तर लांब-आखूड टाक्यांच्या ओळींनी भरावी, म्हणजे ओढा एका जागी न राहता पाकळीभर विखुरतो. सुरुवात पाकळीच्या मधून करून एक बाजू आणि मग दुसरी बाजू भरली तर टाक्यांची दिशाही ठीक राहते.

चाकाच्या गुलाबाला, म्हणजे विषम संख्येच्या आऱ्यांवर विणून केलेल्या गुलाबाला, मध्यभागी खळगा पडतो किंवा तो वर उचलला जातो. पाच आरे एकाच बिंदूत येतात आणि विणताना दोरा ओढला की पाचही आरे मध्याकडे येतात. विणणारा दोरा कापडातून जात नाही, तो फक्त आऱ्यांच्या वर-खाली फिरतो, म्हणून त्याला ओढण्याचे काही कारणच नसते. पहिले दोन फेरे नीट बसवावेत आणि त्यानंतर दोरा सैल, किंचित फुगीर ठेवावा; गुलाबही त्यानेच भरीव दिसतो. सुईच्या टोकाने आरे फाटू नयेत म्हणून विणताना सुई नेढ्याच्या बाजूने घालावी.

बुलियनच्या टाक्यात चूक मोजणीची असते. सुईवर घेतलेल्या वेढ्यांची एकूण लांबी दोन छिद्रांमधील अंतराएवढी असली पाहिजे. वेढे कमी पडले तर टाका ओढून बसवताना खालचे कापड गोळा होते. वेढे थोडे जास्त असतील तर टाका कमानीसारखा वाकतो, आणि गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्यांना तेच हवे असते. या टाक्यासाठी नेढे आणि दांडी एकाच जाडीची असलेली लांब सुई मिळते. ती वेढ्यांतून न अडकता बाहेर येते. साध्या सुईचे रुंद नेढे अडकते आणि आपण ती खेचतो.

गाठी टाके एकेकटे निरुपद्रवी असतात, पण शेवंतीच्या मध्यात किंवा अबोलीच्या गुच्छात ते तीस-चाळीस एकत्र येतात. प्रत्येक गाठीनंतर दोरा पाठीमागून पुढच्या गाठीकडे जातो आणि तेथे तो घट्ट राहिला तर सगळे वर्तुळ आक्रसते. गाठ कापडावर बसली की तेथेच सोडावी आणि पुढच्या जागी सुई वर आणताना पाठीमागचा दोरा बोटाने चाचपून पाहावा.

लांब पाने फिशबोन टाक्याने भरली की मधल्या शिरेवर खोबण पडते, कारण दोन्ही बाजूंचे टाके मध्याकडे ओढतात. टाके अधिक तिरके घेतले तर हा ओढा पानाच्या लांबीत जातो आणि खोबण राहत नाही. लेझी डेझीच्या पाकळ्यांबद्दल विशेष काही सांगण्यासारखे नाही. फास ओढून अरुंद केला नाही की झाले.

देठांच्या स्टेम टाक्यात सरळ भागापेक्षा वळणावर टाके आखूड घ्यावेत. वळणावरचा लांब टाका सरळ रेषेत जाऊ पाहतो आणि वळणाच्या आतले कापड ओढतो. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे जेथे सगळे देठ एकत्र येऊन फितीने बांधले जातात ती गुच्छाची कंबर. सात-आठ देठ तेथे एका बोटाच्या जागेत येतात, त्यावर फितीचा सॅटिन टाका येतो, आणि कापडाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. गुच्छातील सर्वांत हट्टी चुणी मी नेहमी येथेच पाहिली आहे. देठ फितीच्या वरच्या कडेला थांबवावेत, खालच्या कडेपासून पुन्हा सुरू करावेत आणि फितीखालची जागा रिकामी ठेवावी. फीत एका लांब टाक्याने न भरता उभ्या दोन भागांत भरावी.

भरण्याचा क्रमही ठरलेला असावा. मधून बाहेर जावे, म्हणजे जमा होणारा थोडासा ढिलेपणा कडेला निघून जातो. बाहेरची फुले आधी भरून मग मध्ये आल्यास तो मध्येच अडकतो. देठ आणि पाने आधी, सपाट फुले नंतर, आणि उंच गाठी व बुलियन सर्वांत शेवटी, म्हणजे रिंगच्या कडेखाली ते दबत नाहीत.

पाणी आणि टाचण्या

रिंग, सुई, हात आणि टाके यांचे वरील उपाय पूर्ण झालेल्या कामावर लागू पडत नाहीत. त्याच्यासाठी ओले करून ताणून वाळवणे हा उपाय आहे, आणि टाके उसवण्याआधी तो करून पाहावा. मात्र त्यापूर्वी रंगाची परीक्षा अनिवार्य आहे. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून प्रत्येक गडद रंगावर, विशेषतः लाल, मरून, जांभळ्या आणि काळ्या दोऱ्यावर, उलट बाजूने एक मिनिट दाबून धरावा. तुकड्याला रंग लागला तर काम पाण्यात घालू नये. मी एकदा ही परीक्षा न करता पांढऱ्या टेबलक्लॉथवरचा लाल गुलाब भिजवला होता आणि त्याची गुलाबी छटा आजही त्या कापडावर आहे. ते कापड मी नव्या विद्यार्थिनींना दाखवते.

रंग पक्का असेल तर काम थंड किंवा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे, पिळू नये, पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. जाड थर्माकोलवर स्वच्छ पांढरे कापड अंथरून त्यावर काम सुलट बाजू वर करून ठेवावे. आधी चारही बाजूंचे मध्यबिंदू टाचावेत, मग दोन मध्यबिंदूंच्या मध्ये, असे करत कोपऱ्यांपर्यंत जावे. धागे काटकोनात राहतील इतकेच ओढावे. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस असाव्यात, कारण साधी टाचणी ओल्या कापडात एका रात्रीत गंजते. पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळू द्यावे. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. पावसाळ्यात मी दोन दिवस टाचण्या काढत नाही, कारण आत थोडीही ओल राहिली असताना काढल्यास चुणी परत येते. त्यानंतर गरज भासल्यास जाड टॉवेलवर काम पालथे घालून उलट बाजूने हलकी इस्त्री दाबावी. इस्त्री सरकवू नये, उचलून ठेवावी.

किरणांसारख्या मध्यम चुण्या आणि धाग्यांचा तिरकेपणा यांवर हा उपाय चांगला चालतो. कापड आटून आलेल्या फुगवट्यावर मात्र तो थोडाच चालतो.

उसवणे

दोनदा ताणून वाळवल्यावरही एखादी चुणी राहिली तर ती ज्या टाक्यांतून निघते तेवढेच टाके उसवावेत. सगळे फूल उसवू नये. उलट बाजूने लहान टोकदार कात्रीने दर तिसरा-चौथा टाका कापावा आणि सुलट बाजूने चिमट्याने तुकडे काढावेत. दोरा ओढत मागे नेऊन वाचवण्याचा प्रयत्न करू नये. आधीच थकलेले कापड त्याने विसविशीत होते आणि उरलेल्या टाक्यांचा ताणही बदलतो. उसवल्यावर दिसणारी छिद्रे नखाने उभी-आडवी हळूच घासली आणि थोडा ओलावा दिला तर बरीचशी मिटतात. त्याच जागी पुन्हा भरताना रिंग लावलीच पाहिजे, फक्त शेजारच्या उंच टाक्यांवर रिंग येणार असेल तर मध्ये मऊ मलमलचा तुकडा ठेवावा.

कापड

हा उपाय सर्वांत खर्चिक आहे, कारण तो पुन्हा सुरुवात करायला लावतो. भरतकामाचे सुती दोरे मर्सराइज्ड असतात. १८५० मध्ये इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी सुतावर कॉस्टिक सोड्याची जी प्रक्रिया पेटंट केली, तिच्यावरून हे नाव आले. अशा दोऱ्याचे आटणे फार थोडे असते. कोरे केसमेंट, मांजरपाट किंवा लिनन मात्र पहिल्या धुण्यात आटते. कापड आटते, दोरा आटत नाही, आणि गुच्छ फुगून वर येतो. म्हणून गोखले रोडवरून किंवा जांभळी नाक्यावरून आणलेले कोणतेही सुती कापड नक्षी उतरवण्यापूर्वी दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. अस्तरही त्याच पद्धतीने धुऊन घ्यावे. ते विसरले की ब्लाउजवरचे निर्दोष भरतकाम पहिल्या धुण्यात आखडते, आणि दोष भरतकामाला लागतो.

पातळ कापडावर भरीव गुच्छ काढायचा असेल तर खाली त्याच पोताचा धुतलेला मलमलचा थर धावदोऱ्याने टाचून दोन्ही थर एकत्र भरावेत. कापडाने दोऱ्याचे वजन पेलले पाहिजे. जॉर्जेटवर सहा पदरी गुलाब कितीही हलक्या हाताने भरला तरी तो कापडाला ओढणारच.

कोठे थांबावे

काम रेशमी साडीवर, पैठणीवर किंवा जरीच्या कापडावर असेल तर पहिल्या दोन तपासण्यांच्या पुढे घरी जाऊ नये. पाण्याने रेशमावर डाग पडतात आणि जरीची चमक जाते. आजीच्या हातचे जुने काम असेल, त्यातील दोरा बोट लावताच तुटत असेल, तर ते उघडूही नये. रंग पसरायला सुरुवात झाली असेल तर काम आणखी भिजवत बसू नये. ते सपाट ठेवून भरतकामाच्या कपड्यांची सवय असलेल्या ड्रायक्लीनरला दाखवावे. उसवताना कापडाचे स्वतःचे धागे कापले गेले असतील तर हे रफूगाराचे काम आहे, आणि ते छिद्र मोठे होण्यापूर्वी त्याच्याकडे गेले पाहिजे. दोन वेळा ताणून वाळवूनही संपूर्ण तुकडा वाकडा राहत असेल, किंवा काम साडीएवढे मोठे असेल, तर जरदोसी किंवा आरीचे काम करणारे कारागीर ज्या लाकडी अड्ड्यावर सगळे कापड एकदम ताणून बसवतात, त्याची गरज आहे. घरच्या रिंगने ते होत नाही. लग्नाला चार दिवस उरले असताना पहिल्यांदाच पाण्याचा उपाय करू नये, तेव्हाही कारागिराकडेच जावे.

कारागिराकडे काम देताना ते धुऊन किंवा इस्त्री करून नेऊ नये. चुण्या जशा आहेत तशा त्याला दिसू द्याव्यात. सोबत उरलेल्या दोऱ्यांच्या लड्या, मूळ कापडाचा लहान तुकडा आणि आतापर्यंत काय काय करून पाहिले त्याची चिठ्ठी द्यावी. दोरा कोणता, किती पदर, कापड आधी धुतले होते की नाही, एवढे त्याला कळले की काम किती उसवावे लागेल आणि खर्च किती येईल हे तो हातात घेण्यापूर्वीच सांगू शकतो.